वारा पॉलिहाऊस पाडत नाही, उपटतो

एप्रिल-मे आला की पेपरात एक बातमी ठरलेली असते. "वादळी वाऱ्याने पॉलिहाऊस जमीनदोस्त." सोबत वाकलेल्या पाइपांचा आणि बाभळीला अडकलेल्या प्लास्टिकचा फोटो. शेवटची ओळही ठरलेली, "पंचनामे करण्याचे आदेश देण्यात आले आहेत." आपण वाचतो, हळहळतो, पान उलटतो.

माझं भांडण त्या 'जमीनदोस्त' शब्दाशी आहे. जमीनदोस्त म्हणजे वरून दाब आला आणि खाली बसलं. वाऱ्यात पॉलिहाऊसचं तसं होत नाही. वारा ते वर उचलतो, जमिनीतून उपटतो, आणि मग टाकतो. शब्दाचा कीस पाडायची मला हौस नाही. पण पडलं म्हटलं की आपण वरचा पाइप जाड करायला धावतो, आणि उपटलं म्हटलं की जमिनीखाली बघतो. आपल्याकडे जमिनीखाली कुणीच बघत नाही. शेतकरी नाही, ठेकेदार नाही, अनुदानाची तपासणी करणारे साहेब तर नाहीतच. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, पण ज्यांच्याकडे पाच-दहा गुंठ्यांचं काही उभं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मी जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू. मोठं काही नाही. ६ मीटर रुंद आणि २० मीटर लांब असे प्लास्टिकचे दोन बोगदे, बाजूला थोडं शेडनेट. एका बोगद्यात ट्रे मांडले की साधारण ५० ते ६० हजार रोपं बसतात. टोमॅटोच्या हिशोबात धरलं तर आठेक एकरांची लागवड. म्हणजे असा एक बोगदा गेला तर नुकसान एकट्या रोपवाटिकावाल्याचं होत नाही. ज्यांनी रोपं बुक केलीत, रान तयार करून, मल्चिंग अंथरून, ड्रिप टाकून ठेवलंय, त्या सात-आठ घरांचं वेळापत्रक कोलमडतं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पंधरा दिवसांचा फरक काय असतो, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

आमच्या शिवारात दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळीव आला. पाऊण तासाचा खेळ. पाऊस कमी, वारा जास्त. पलीकडच्या वस्तीवर एका नवरा-बायकोनं नुकतीच रोपवाटिका टाकली होती, माझ्याएवढ्याच मापाची. निम्मं अनुदान, निम्मं सोसायटी आणि पाहुण्यांचं कर्ज. वारा थांबल्यावर आम्ही चार-पाच जण तिकडे गेलो. बोगदा मूळ जागेवर नव्हताच. पंधरा-वीस फुटांवर विहिरीच्या बाजूला उलटा पडला होता, मेलेल्या ढोरासारखा पाय वर करून. ट्रे चिखलात. वहिनी एकेक ट्रे उचलून रोपं सरळ होतात का बघत होत्या. कुणी काही बोलत नव्हतं.

मी त्या सांगाड्याचे पाय पाहिले. कमानी शाबूत होत्या. दोन-तीन वाकल्या होत्या, बाकी चांगल्या. नटबोल्ट तुटलेले नव्हते. पण पाइपाचं जे टोक जमिनीत असायला हवं होतं ते जेमतेम नऊ-दहा इंच मातलेलं होतं आणि त्याच्यावर काँक्रीटची वीतभर टोपी. खड्डा दोन फूट खोदून त्यात काँक्रीट भरायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात पाइप घणानं ठोकला आणि वरून टोपी घातली. टोपी जमिनीच्या वर छान दिसते. फोटोत तर फारच छान दिसते.

तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, "काय करणार, निसर्गाची अवकृपा." मला ते पटेना. निसर्गानं वारा दिला, हे खरं. पण नऊ इंचांचा खड्डा निसर्गानं खोदला नव्हता.

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, शाळेतलंच गणित आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो. इमारतींच्या भारतीय मानकात साधं सूत्र आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब चौरस मीटरला सुमारे १२ किलो. ताशी १०० ला किती? दुप्पट नाही, चौपट. सुमारे ४७ किलो.

हा दाब समोरच्या भिंतीला ढकलतो. पण गोल छपरावरून वारा घसरत जातो तेव्हा छपराच्या वर ओढ तयार होते. विमानाच्या पंखाला जी उचल मिळते तिचा हा भाऊच. ही ओढ समोरच्या दाबाच्या निम्मी धरली, तरी १२० चौरस मीटरच्या बोगद्याला ताशी १०० च्या झोतात पावणेतीन टनांच्या वर उचल बसते. पावणेतीन टन! आणि त्या सांगाड्याचं स्वतःचं वजन? तीन-चारशे किलो. म्हणजे बाकी सगळं जमिनीनं धरून ठेवायचं आहे. दर दोन मीटरला एक कमान धरली तर अकरा कमानी, बावीस पाय. एका पायावर सव्वाशे किलोच्या आसपास उचल.

एक फूट व्यासाचा, दोन फूट खोल खड्डा काँक्रीटनं भरला, तर त्या काँक्रीटचं वजन भरतं साधारण १०० किलो. वर मातीची पकड. म्हणजे दोन फुटांचा आग्रह हा इंजिनिअरचा चोचला नाही, त्याला हिशोब आहे. आणि नऊ इंचांच्या टोपीचं वजन किती, ते तुम्हीच काढा.

यात अजून एक गोष्ट मिळवा. वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा पडदा उघडा राहिला, तर वारा आत घुसतो आणि आतून फुगवतो. वरून ओढ, आतून ढकल. एकूण उचल जवळपास दुप्पट होऊ शकते. म्हणून दार ही पॉलिहाऊसमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग वस्तू. त्याची कडी दीडशे रुपयांची असते आणि ती निसटली तर लाखाचा खेळ होतो.

आता मातीकडे या. आमच्याकडे पूर्व पट्ट्यात काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. ती जशी शेतात भेगाळते तशीच पाइपाच्या भोवतीही आकसते. पावसाळ्यात ज्या खांबाला माती घट्ट मिठी मारून असते, तोच खांब मे महिन्यात सैल झालेला असतो. आणि वळीव कधी येतो? मे महिन्यात. म्हणजे जमिनीची पकड वर्षात सगळ्यात कमी असते, नेमका तेव्हाच सगळ्यात खोडसाळ वारा येतो. आषाढातला पश्चिमेचा वारा जोरकस असतो, पण त्याची दिशा ठरलेली. वळवाचं तसं नाही, तो कुठूनही येतो आणि झोतानं येतो.

म्हणून काळ्या मातीत नुसता ठोकलेला पाइप म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत हळूहळू सुटत जाणारा पाइप. खड्डा, काँक्रीट, आणि पाइपाच्या खालच्या टोकाला भोक पाडून आडवी सळई, म्हणजे पाइप काँक्रीटमधून निसटणार नाही. एप्रिलच्या सुरुवातीला प्रत्येक पायाभोवती बघायचं. भेग दिसली तर मुरूम आणि माती ओतून, पाणी मारून, पहारीनं ठोकून बसवायची. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

काहीजण म्हणतील, छोट्या बोगद्याला कशाला एवढं? मोठ्या पॉलिहाऊसला ठीक आहे. उलट आहे मंडळी. वारा कडांना आणि कोपऱ्यांना जास्त ओढतो, मधल्या भागाला कमी. आता कडा मोजा. १० बाय ५० मीटरचं ५०० चौरस मीटरचं पॉलिहाऊस घेतलं तर त्याची परिमिती १२० मीटर. ४० बाय १०० चं ४,००० चौरस मीटरचं घेतलं तर २८० मीटर. क्षेत्र आठपट वाढलं, पण कडा अडीचपटही वाढली नाही. म्हणजे छोट्याकडे क्षेत्राच्या मानानं कडा तिपटीहून जास्त. छोट्याला दर चौरस मीटरमागे पाया जास्त लागतो, तिरके आधार जास्त लागतात, प्लास्टिक पकडणारी पट्टी जास्त लागते.

छोट्याला खर्च जास्त येतो, हे सरकारलाही माहीत आहे. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत पाइपच्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसला ५०० चौरस मीटरपर्यंत १,०६० रुपये प्रति चौरस मीटर खर्च धरला होता आणि २,०८० च्या पुढे ८४४. पण कागदावर जास्त धरलेला पैसा जमिनीत गेला का, हे कोण बघतं?

तपासणीला साहेब येतात तेव्हा काय होतं ते मी चार-पाच ठिकाणी उभं राहून पाहिलंय. टेप लावून लांबी-रुंदी मोजतात. पाइपाचा व्यास बघतात, कधी जाडीही. प्लास्टिकवर कंपनीचा छाप आणि मायक्रॉन बघतात. शेतकऱ्याला बोर्डाजवळ उभं करून, अक्षांश-रेखांशासहित फोटो काढतात. सगळं रीतसर. यातल्या कुणावर माझा आरोप नाही, त्यांना जे तपासायला सांगितलंय ते तपासतात. पण हे सगळं जमिनीच्या वरचं आहे. तपासणी होते सांगाडा उभा राहिल्यावर, आणि तोपर्यंत खड्डे बुजलेले असतात. अनुदान चौरस मीटरवर मिळतं. खड्ड्याची खोली चौरस मीटरमध्ये दिसत नाही. मग ठेकेदार कुठे वाचवणार? जिथे कुणी बघत नाही तिथे. त्यात त्याची सिमेंट-वाळू वाचते, मजुरी वाचते आणि दोन दिवस वाचतात.

बरं, उपटलं. पुढे काय?

पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. पंचनामा पिकाचा असतो. पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर मदत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये. १० गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. करा हिशोब. राज्य सरकार कधीकधी भर घालतं, किमान रकमेचीही तरतूद आहे, पण काही केलं तरी आकडा हजारांतच फिरतो. आणि सांगाड्याचं? आपत्तीच्या मदतीच्या त्या यादीत मच्छीमाराच्या होडीला आणि जाळ्याला ओळ आहे. विणकर-कारागिराच्या अवजाराला ओळ आहे. घराला लागून असलेल्या गोठ्याला ओळ आहे. असायलाच हवी. पण ज्या पॉलिहाऊसला सरकारनं स्वतः निम्मे पैसे दिले, त्याला ओळ नाही.

पीक विम्यात? पंतप्रधान पीक विमा योजना पिकाची आहे, सांगाड्याची नाही. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात केळीसाठी वेगाच्या वाऱ्याची जोखीम धरलेली आहे. म्हणजे वारा मोजून पैसे देता येतात, ही कल्पना सरकारी कागदाला नवी नाही. पण तिथेही वारा मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. वळवाचा झोत एका वस्तीवर येतो आणि दुसऱ्या वस्तीवर पानही हलत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

राहिला खासगी विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या सांगाड्याचा विमा देतात, बँक कर्ज देताना तो घ्यायलाही लावते. पण पॉलिसीचा कागद किती जणांनी वाचलाय? त्यात वादळ धरलंय का, प्लास्टिक धरलंय की नुसता सांगाडा, आतलं पीक धरलंय का, दरवर्षी किंमत किती कमी होते, या चार गोष्टी आजच बघा. वारा येऊन गेल्यावर बघण्यात अर्थ नाही.

पलीकडच्या वस्तीवरच्या त्या दोघांना सांगाड्याचे पैसे कुठूनच मिळाले नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र चालू राहिला. ज्यांनी रोपं बुक केली होती त्यांचा आगाऊ पैसा त्यांनी पै-पै करून परत केला. दादा दीड वर्ष दुसऱ्याच्या रोपवाटिकेत रोजानं जात होते. बातमीतल्या 'पंचनामे करण्याचे आदेश' या ओळीनंतर जे घडतं ते हे.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल, तो आधीच मांडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी १०० च्या वरच्या वाऱ्यानं. घाट चढून ते मावळ-जुन्नरपर्यंत पोहोचलं. मावळात गुलाबाची मोठमोठी पॉलिहाऊसेस गेली. त्यांचे पाय काही नऊ इंचांचे नव्हते. ती इंजिनिअरनं बांधलेली होती, तरी फाटली, मोडली. मग पायाचं काय घेऊन बसलात?

आक्षेप बरोबर आहे. चक्रीवादळासमोर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक काय टिकणार? पण चक्रीवादळ काही दर मे महिन्यात आमच्या शिवारात येत नाही. वळीव येतो. माझ्या पाहण्यातली उपटलेली छोटी पॉलिहाऊसेस ही वळवानं उपटलीत, आणि त्याच वळवात त्याच शिवारात दुसरी तशीच उभी राहिलीत. जिथे शेजारचं उभं राहतं, तिथे निसर्गाला पुढे करून चालत नाही. आणि चक्रीवादळातसुद्धा प्लास्टिक जाणं वेगळं, सांगाडा जाणं वेगळं. प्लास्टिक तीन-चार वर्षांनी बदलायचंच असतं. सांगाडा पंधरा-वीस वर्षांचा असतो.

तर करायचं काय? आपल्याला हे शास्त्र नवीन नाही. कडब्याची गंज कशी बांधतात आठवा. रचून झाली की वरून दोर टाकायचे, दोन्ही बाजूंना दगड लटकवायचे. गंजीला खिळा नाही, बोल्ट नाही, तरी ती आषाढ काढते. कारण वारा उचलतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. कोकणात पत्र्यावर दगड ठेवतात तेही त्याचसाठी.

आमच्याकडे आम्ही तेच करतो. दोन कमानींच्या मधून, प्लास्टिकच्या वरून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाड दोर किंवा पट्टा. दोन्ही टोकं जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना, ताणून. पट्टा रुंद असलेला बरा, बारीक दोरीनं प्लास्टिक कापतं. प्लास्टिक फडफडलं नाही तर फाटत नाही. फाटायला एक मोठा झोत लागतोच असं नाही, महिनोन्महिने थोडं थोडं फडफडूनही ते पट्टीजवळ थकतं आणि मग एके दिवशी साध्या वाऱ्यात जातं.

प्लास्टिक चढवायचं ते वारा पडलेला असताना आणि थोडं ऊन असताना. उन्हात प्लास्टिक ताणलं की गार झाल्यावर आणखी ताठ बसतं. सकाळच्या गारठ्यात ताणलं तर दुपारी ढिलं पडतं. पट्टीतली झिगझॅग स्प्रिंग एका बाजूनं निसटली की उरलेली ओळीनं निसटत जाते, म्हणून दर महिन्याला हात फिरवून बघायची. पाइप जिथे प्लास्टिकला टेकतो तिथे तो उन्हात तापून प्लास्टिकला भाजतो, तिथे पांढरा रंग किंवा पांढरी पट्टी. गंधकाची फवारणी, धुरी जपून, त्यानं प्लास्टिकचं आयुष्य कमी होतं. बोटाएवढं भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावायची. उद्या तिथे हात जाईल, परवा माणूस.

खालची कड नुसती मातीवर सोडायची नाही. फूटभर चर काढून, प्लास्टिक आत सोडून, माती दाबायची. चारही कोपऱ्यांना तिरके आधार हवेत. कोपरा सुटला की बाकीच्या कमानी पत्त्यांसारख्या एकमेकींवर जातात.

वारा अडवायचा तर भिंत बांधू नका. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे होऊन आदळतो. जो अडथळा निम्मा वारा गाळून सोडतो तोच खरा कामाचा. पश्चिमेला शेवरी, गिरिपुष्प किंवा सुरूची ओळ, नाहीतर बांबू. झाडं मोठी होईपर्यंत पक्क्या खांबांवर ५० टक्क्यांचं शेडनेट उभं ताणलं तरी चालतं. अशा आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. फक्त तो बोगद्याला चिकटून नको, सावली पडते आणि फांदी मोडली तर प्लास्टिकवरच येते. गुलमोहर तर जवळपासही नको. आणि खांब इथेही दोन फूट खोल. नाहीतर वारा आधी आडोसा उचलेल आणि तोच बोगद्यावर आणून टाकेल.

आता त्या दिवसाबद्दल. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा मोबाईलवर येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. फुकट आहे, टाकून ठेवा. ढग भरून आले की वाऱ्याकडचे पडदे खाली, दारं बंद, कडी दोनदा बघा. बोगद्याजवळचे रिकामे ट्रे, क्रेट, पत्रे आत किंवा दाव्यानं बांधून. आणि मग तिथून निघा.

हे शेवटचं वाक्य जरा ठासून सांगतो. वारा सुरू झाल्यावर प्लास्टिक हातानं धरून ठेवायला जाऊ नका. पावणेतीन टनांचा हिशोब वर केलाय, तुमचं वजन साठ-सत्तर किलो आहे. लोखंडी पाइप हातात, वर वीज. बायामाणसं आत रोपं झाकत बसलेली असतात, त्यांना पहिलं बाहेर काढा आणि पक्क्या घरात पाठवा. सुरुवातीच्या झोतातच एखादी बाजू उचलायला लागली आणि पुढचा झोत यायला अवकाश आहे असं दिसलं, वीज लांब असली, तर बाहेरून विळ्यानं प्लास्टिक फाडून टाका. हात थरथरतो, माहितीये. पण प्लास्टिक फाटलं की वाऱ्याची पकड सुटते आणि सांगाडा वाचतो. तेवढाही अवकाश नसेल तर जाऊ द्या. रोपं पंचवीस दिवसांत पुन्हा येतात.

हे झालं आपलं काम. पण सगळा भार शेतकऱ्याच्या शहाणपणावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. निम्मे पैसे सार्वजनिक आहेत. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही फुकटच्या जवळपास आहेत.

एक. तपासणी दोनदा करा. पहिली, खड्डे खोदल्यावर आणि काँक्रीट भरायच्या आधी. खड्ड्यात टेप सोडून फोटो, अक्षांश-रेखांशासहित. साहेबांना यायला वेळ नसेल तर शेतकऱ्यानं काढलेला फोटो घ्या. आज जो फोटो बोर्डाजवळ काढता तसाच एक खड्ड्यात काढायचा, एवढंच. त्या फोटोशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही, असं एक वाक्य परिपत्रकात टाका. पुढच्या हंगामात खड्डे आपोआप दोन फुटांचे होतील.

दोन. पंचनाम्याच्या नमुन्यात सांगाड्याचा रकाना घाला. पाया उपटला, सांगाडा वाकला की नुसतं प्लास्टिक फाटलं, हे वेगळं लिहा. मदत द्यायची की नाही हा पुढचा वाद. पण आज किती पॉलिहाऊसेस कशामुळे गेली याची नोंदच होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यावर धोरण होत नाही.

तीन. मदतीच्या निकषांत संरक्षित शेतीला एक ओळ द्या. होडीला आहे तशी. २०२२ च्या निकषांची मुदत २०२६ पर्यंतची. म्हणजे नव्या यादीत ही ओळ मागायची हीच वेळ आहे.

ज्यांचं पॉलिहाऊस पुढच्या महिन्यात उभं राहणार आहे त्यांना एकच सांगतो. ज्या दिवशी खड्डे खोदणार त्या दिवशी लग्न असो, बाजार असो, कुठे जाऊ नका. टेप घेऊन तिथेच बसा. बावीस खड्डे, बावीस फोटो. मिस्त्री म्हणेल, "दादा, विश्वास नाही का आमच्यावर?" म्हणा, "आहे ना. वाऱ्यावर नाही."

पलीकडच्या वस्तीवरच्या त्या दोघांनी यंदा पुन्हा बोगदा उभा केला, जुन्याच कमानी सरळ करून. अनुदान नाही, ठेकेदार नाही. दादांनी खड्डे स्वतः खोदले आणि वहिनी प्रत्येक खड्ड्यात काठी घालून मोजत होत्या. काठीवर दोन फुटांवर कोयत्यानं खूण केली होती. जिथे खूण वर दिसायची तिथे त्या बोलत नव्हत्या, नुसत्या थांबायच्या, आणि दादा परत पहार घ्यायचे.

सरकारी तपासणीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. एक काठी आणि एक खूण.